नकाशा देवळाच्या भिंतीशी थांबला

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, सेवाभावी संस्थांना सल्ला देण्यात तुमचं आयुष्य गेलं. एखादी यशाची गोष्ट द्या की अंकासाठी. वाचकांना उभारी येईल असं काहीतरी." मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. यशाच्या गोष्टी मी लोकांना ढिगाने लिहून दिल्या, धंदाच होता माझा तो. आता पंचाहत्तरीला टेकलेय, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, कुणाच्या कमिटीवर नाही की कुणाच्या मर्जीवर नाही. तेव्हा मला हवं ते लिहिणार. छापायचं तर छापा, नाहीतर परत पाठवा, मी काही रुसणार नाही.

आधी माझा व्यवसाय सांगते, कारण तो आमच्या नातेवाइकांनाही कधी कळला नाही. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं बेंगळुरात. पुण्याची माणसं आली की आमचं मराठी ऐकून गालात हसतात. मध्येच 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' येतं, 'बरं'च्या जागी 'सरी' येतं, भावाला दादा न म्हणता अण्णा म्हणतो. हसू देत. तर नव्वदच्या दशकात मी बँकेतली नोकरी सोडली आणि 'कन्सल्टंट' झाले, तेव्हा चामराजपेटेतले माझे मामा म्हणाले, "म्हणजे सध्या काही करत नाहीस, असंच ना?"

काम असं असायचं. एखादा माणूस पोटतिडकीने संस्था सुरू करतो. पंधरा वर्षांत संस्थेला ऑफिस येतं, जीप येते, परदेशातून मदत येते, आणि त्याच जीपमधून भांडणंही येतात. संस्थापक थकलेला असतो पण खुर्ची सोडवत नाही. खालची माणसं शहाणी झालेली असतात पण तोंड उघडत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, बाहेरचं माणूस बोलवा. घरातल्याने सांगितलं तर त्याला उलट उत्तर म्हणतात, मी सांगितलं की तीच गोष्ट शिफारस होते आणि टाइप करून फाइलला लागते. मी सगळ्यांशी बोलायची, प्रशिक्षण घ्यायची, गावात लोकांबरोबर बसायची आणि शेवटी अहवाल लिहायची. तो अहवाल वाचून मदत देणारे ठरवायचे की काम पुढे चालू ठेवायचं की नाही. म्हणजे माझ्या लेखणीत थोडीफार ताकद होती, आणि ती मला चढलीही होती, खोटं कशाला बोलू?

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना सगळे अण्णाच म्हणत. मीही तेच म्हणेन, खरं नाव लिहिणार नाही. येलहंक्याच्या पलीकडे, तेव्हा शहर जिथे पोचलं नव्हतं अशा गावांमध्ये त्यांची संस्था होती. शाळामास्तरकी सोडून हा माणूस सायकलवरून गावोगाव फिरला होता. जाडाभरडा शर्ट, पायात टायरच्या चपला. त्यांनी शाळा काढल्या, विहिरी उपसल्या, दारूची दुकानं हटवली. मला त्यांच्याबद्दल आदर होता, आजही आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना खलनायक ठरवू नये.

पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं ते 'दुसरी फळी' तयार करायला. त्यांच्यानंतर संस्था कोण चालवणार, त्यासाठी कार्यकर्त्यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण. मी खडू घेऊन उभी राहिले. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर अण्णा द्यायचे. एक झालं, दोन झाले, दहा झाले. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, जरा स्वयंपाकघरात जाऊन कॉफीचं बघता का?" ते दिलखुलास हसले आणि उठून गेले. गेले कुठे, तर दाराबाहेर! त्यांच्या चपला मला दिसत होत्या. कार्यकर्त्यांनाही दिसत होत्या, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यांच्यात सरोजा नावाची एक कार्यकर्ती होती. तिशीची, सावळी, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. प्रत्येक प्रश्नाला तिचे ओठ हलायचे, मग नजर दाराकडे जायची आणि ओठ मिटायचे. त्या दिवशी मी माझ्या वहीत लिहिलं, 'सरोजा: कष्टाळू. नेतृत्वगुण नाहीत. बोलत नाही.' ती वही अजून माझ्या कपाटात आहे. फाडून टाकावीशी वाटते, पण फाडणार नाही.

वर्षभराने अण्णांनी पुन्हा बोलावलं. एका गावात पाण्याची टाकी बांधायची होती. बोअरवेल, वर टाकी, खाली चार नळ. मदत देणाऱ्यांची एकच अट होती: टाकीची जागा गावाने एकत्र बसून ठरवावी आणि तसं बाहेरच्या माणसाने लिहून द्यावं. बाहेरचं माणूस मी.

त्या काळात आमच्या क्षेत्रात एक नवी पद्धत आली होती आणि आम्ही तिच्या प्रेमातच पडलो होतो. कागद-पेन्सिल बघून गावची माणसं बिचकतात, म्हणून जमिनीवर नकाशा काढायचा. बायकांच्या हातात रांगोळी द्यायची. त्या घरं काढतात, रस्ते काढतात, विहीर, झाड, गोठा, सगळं. मग ज्याला जिथे टाकी हवी तिथे त्याने चिंचोका ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो नकाशा जसाच्या तसा मोठ्या कागदावर उतरवून घ्यायचा. आमच्याकडे रोज सकाळी दारात रांगोळी पडते, तेव्हा बायकांचे हात असे सरसर चालतात की बघत राहावं. आपण काय सुंदर काम करतोय असं वाटून माझं ऊर भरून यायचं.

नकाशासाठी मी जागा निवडली देवळाचं आवार. गुळगुळीत दगडी फरशी, वर पिंपळाची सावली, बसायला ओटा. सरोजा म्हणाली, "मॅडम, शाळेसमोरचं मैदान चालेल का?" मी म्हटलं, "अगं, तिथे ऊन किती आहे!" झालं! एवढंच बोलणं झालं आमचं, आणि त्यात सगळी चूक आली.

नकाशा अप्रतिम झाला. पुजाऱ्यांनी एक दिवस आवार न झाडण्याचं कबूल केलं. बायका हसत होत्या, एकमेकींची घरं लहान-मोठी काढण्यावरून चिडवत होत्या. चिंचोके पडले ते सगळे नकाशातल्या देवळाच्या आवारातच. टाकी देवळाजवळ, सर्वानुमते! अण्णांनी फोटो काढले. मी जीपमध्ये बसून गुणगुणत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सरोजा कागदावर नकाशा उतरवून घेत होतो. आवाराच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल. तिचं नाव मुनियम्मा, हे सरोजाने नंतर सांगितलं. बोलणं कन्नडात झालं, मी मराठीत सांगते.

"अक्का, गावाचा नकाशा काढला म्हणे. ह्यात आमची केरी कुठं आहे?"

केरी म्हणजे गावाबाहेरची वस्ती. कुणाची, ते महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. मी खाली बघितलं. रांगोळीचा रस्ता देवळाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबला होता. पलीकडे मुनियम्मा उभी होती आणि तिच्यामागे, हाकेच्या अंतरावर, तिच्या वस्तीची कौलं दिसत होती. काल दिवसभर मी तिथेच होते आणि मला ती दिसली नव्हती.

"आत या ना," मी म्हटलं. "या, तुम्ही काढा."

ती हसली. रागाने नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तशी. "मी आत आले तर संध्याकाळी तुम्ही बेंगळुरात असाल, अक्का. मी इथंच असेन." मग म्हणाली, "टाकी आत बांधणार म्हणे. म्हणजे आम्ही बिंदिगे घेऊन भिंतीबाहेर उभं राहायचं आणि कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. आत्ता गौडांच्या विहिरीवर तेच करतो. बांधा, बांधा. निदान चालणं वाचेल." बिंदिगे म्हणजे पाण्याची घागर, आणि गौडा म्हणजे गावचा पाटील.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही चूक आमच्यासारख्यांनाच सुचते हो! देऊळ सगळ्यांना उघडं असतं, असं ज्यांच्यासाठी ते कायम उघडं होतं त्यांनाच वाटतं. मी सावली बघितली. सरोजाला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हो." "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले ना मॅडम. मैदान म्हटलं."

मी रांगोळीचा डबा उचलला आणि देवळाच्या भिंतीशी थांबलेली रेघ फाटकातून बाहेर ओढली. सरळ रस्त्यावर! "आता सांगा," मी मुनियम्माला म्हटलं. तिने भारा खाली ठेवला. पण रांगोळीला हात लावला नाही. रस्त्याकडेची विटांची खापरं उचलून तिने आपलं घर मांडलं, मग शेजारणीचं. केरीतल्या बायका बघायला आल्या त्या खाली बसल्याच. एकीने राख आणली, एकीने चुना. बघता बघता नकाशा फाट्यापर्यंत पोचला, जिथे गावातली आणि केरीतली वाट एकमेकींना मिळते.

तेवढ्यात येलहंक्याहून बस आली. तिला फाट्यावरच वळायचं असायचं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि डोकं बाहेर काढलं. "काय हे, अम्मा?" कंडक्टर म्हणाला, "घाल रे पुढे." ड्रायव्हर म्हणाला, "रांगोळीवरून गाडी घालू? तू घाल. मला संध्याकाळी घरी जायचंय." उतारू उतरून चालू लागले, बस तशीच मागे मागे गेली, आणि सगळा गाव काय झालं म्हणून फाट्यावर जमला. काल चिंचोके टाकलेल्या बायकाही आल्या. मी विचारलं, टाकी कुठे? मग मुनियम्मा घरी गेली, आपली पितळी बिंदिगे घेऊन आली आणि बरोबर फाट्यावर ठेवली. केरीतल्या बायकांनी तिच्या शेजारी आपापल्या ठेवल्या. गावातल्या बायका बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी एक म्हातारी पुढे झाली, म्हणाली, "मला तरी देवळाची पायरी कुठं चढवते," आणि आपली बिंदिगे त्या ओळीत न ठेवता चार बोटं लांब ठेवली. चार बोटं लांब, पण फाट्यावरच. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. बाकीच्या घरी गेल्या.

मुनियम्माच्या ओसरीवर बसून मी आणि सरोजाने दुसरा कागद भरला. उन्हं चढली होती. माझ्या खांद्याला शहरातून आणलेली पाण्याची बाटली होती, त्यातलं मी घोट घोट पीत होते. मुनियम्माने मला पाणी विचारलं नाही. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, अगदी वैऱ्यालाही. तिने विचारलं नाही आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला नकार द्यायची पाळी येऊ नये म्हणून तिने विचारलं नव्हतं, हे फार उशिरा माझ्या टाळक्यात शिरलं.

अण्णा मात्र भडकले. "मॅडम, तुम्ही काय करून ठेवलंत? शुक्रवारी परदेशी पाहुणे येणार आहेत. पंचायतीने देवळाची जागा मान्य केली आहे. तुम्ही गावात भांडण लावून निघून जाल आणि टाकीच होणार नाही. मग तुमच्या मुनियम्माला पाणी कोण देणार?"

"आणि आत बांधलीत तर कोण देणार?"

"हळूहळू होतं सगळं. मी वीस वर्षं इथे घासतोय. आधी पाणी येऊ दे, मग माणसं बदलतील."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "अण्णा, मी दोन्ही नकाशे अहवालात घालणार आणि पहिल्याखाली 'ही माझी चूक' असं लिहिणार." ते शांतपणे म्हणाले, "अहवाल संस्थेचा आहे. काय जाईल ते मी ठरवीन." मग सरोजाकडे वळून म्हणाले, "तो दुसरा कागद फाडून टाक. शुक्रवारी पहिला लावायचा." सरोजा म्हणाली, "सरी, अण्णा." मी तिच्याकडे इतक्या तिरस्काराने बघितलं की आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते.

शुक्रवारी देवळाच्या आवारात सतरंज्या पसरल्या होत्या. हार झाले, नारळ झाले, कॉफी झाली. पंचायतीची मंडळी, गावातल्या बायका, दोन गोरे पाहुणे. भिंतीपलीकडे मुनियम्मा आणि चार-पाच जणी उभ्या. मी ठरवून आले होते की उभी राहून सगळं सांगून टाकायचं, मग या शहरात मला काम मिळो न मिळो. अण्णा म्हणाले, "आता आमची सरोजा नकाशा दाखवील."

सरोजाने गुंडाळी आणली. वरची दोन टोकं खिळ्यांना अडकवली आणि कागद सोडला. देऊळ आलं, पिंपळ आला, गावातली घरं आली. कागद संपेल असं वाटलं तिथे तो संपला नाही. फाटक आलं, रस्ता आला, फाटा आला, बिंदिग्यांची रांग आली, केरीतलं एकेक घर आलं, आणि कागद फरशीवर लोळत भिंतीपर्यंत गेला. तिने दुसरा कागद पहिल्याला जोडला होता. भाताच्या खळीने, इतका बेमालूम की सांधा दिसत नव्हता.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "हे कुणी चिकटवलं?"

मी उठायला लागले. म्हणणार होते, मी. तसं म्हणणं मला परवडणारं होतं, माझं काय बिघडणार होतं? पण माझे गुडघे तेव्हाही संथच होते. सरोजा आधीच बोलली होती.

"मी, अण्णा," ती म्हणाली. आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा मोठा होता. "गाव एवढं आहे."

पाहुण्यांनी भाषांतर मागितलं. ते मी केलं, शब्दन् शब्द. तेवढंच माझं योगदान! मग पाहुण्यांनी विचारलं की भिंतीबाहेरच्या बायकांना काय वाटतं, आणि बैठक उठून फाट्यावर गेली. तिथे तासभर वादावादी झाली. ती सगळी सांगत बसत नाही. टाकी फाट्यावर ठरली. पंचायतीची माणसं कपाळाला आठ्या घालून का होईना, पण हो म्हणाली.

महिन्याभरात सरोजाला संस्थेतून जावं लागलं. कारण दिलं 'शिस्त'. मी अण्णांना पत्रं लिहिली, भेटायला गेले, हात जोडले. त्यांनी कॉफी दिली आणि विषय बदलला. 'ही बाई गावात भांडणं लावते' असं माझ्याबद्दल चार ठिकाणी सांगितलं गेलं, त्यामुळे दोन वर्षं माझीही कामं आटली. लावते! लावते भांडणं. ज्या गावात भांडण नाही असं मला सांगतात, तिथे मी आधी भिंत कुठे आहे ते बघते. पुढे बेळ्ळंदूरला, महादेवपुऱ्याला, जिथे जिथे काम केलं तिथे पहिला प्रश्न विचारला, या जागी कोण येऊ शकत नाही? लोक वैतागायचे. वैतागू देत. पण सरोजाची नोकरी मला परत मिळवून देता आली नाही. नेतृत्व शिकवायला मी गेले होते, ते त्या खोलीत एकीकडेच होतं आणि तिच्या नावापुढे मी 'नाहीत' लिहिलं होतं. सरोजा दुसऱ्या संस्थेत लागली, तिथेही भांडली, तिथूनही निघाली. दर संक्रांतीला तिचा फोन येतो. "मॅडम, अजून तोंड बंद होत नाही," म्हणते आणि खो खो हसते. मी त्या वहीबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर कळेल.

टाकी पुरी व्हायला वर्ष लागलं. उद्घाटनाचं आमंत्रण मला नव्हतं, सरोजालाही नव्हतं. आम्ही दोघी त्याच बसने गेलो. मंत्रीबिंत्री कुणी नव्हतं, भाषणं आटोपली होती आणि नळांवर झुंबड होती. गावातल्या बायका एका बाजूच्या दोन नळांवर, केरीतल्या दुसऱ्या बाजूच्या दोन नळांवर. चार बोटांचं अंतर अजून होतंच. पण वरून ओतणारं कुणी नव्हतं.

मुनियम्माने आम्हांला बघितलं. तिने नळ सोडला, बिंदिगे भरली, मग पदराखालून एक पितळी लोटा काढला. घासून लख्ख केलेला. तो भरून तिने माझ्यापुढे धरला. माझ्या खांद्याला त्या दिवशी बाटली नव्हती. मुद्दाम आणली नव्हती. पलीकडच्या दोन नळांवरच्या बायका वळून बघू लागल्या. पुजारी बघत होते, पंचायतीची माणसं बघत होती, बसच्या खिडकीतून तो ड्रायव्हरही बघत होता. मी दोन्ही हातांनी लोटा घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायले. पाणी नव्या सिमेंटच्या वासाचं, कोमट होतं.

"साका?" मुनियम्माने विचारलं. पुरे का?

सगळे ऐकत होते, म्हणून मी मोठ्याने सांगितलं आणि लोटा पुन्हा पुढे केला.

"इन्नू स्वल्प." अजून थोडं.